मशीन कोडला मातृभाषा नसते

‘आयफोनला अमुक भाषेत लिहिलेले ॲप चालतच नाही,’ असे विधान अजूनही अधूनमधून ऐकू येते. त्याचे मूळ बहुधा एका करारात आहे. ८ एप्रिल २०१० रोजी ॲपलने विकासकांसाठीच्या करारातील ३.३.१ हे कलम बदलले आणि ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिटवर (सफारी ब्राउझरच्या इंजिनावर) चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असावे, अशी अट घातली. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेतील प्रोग्रामचे आयफोन-ॲप करून देणारी ॲडोबीची फ्लॅश सीएस५ ही प्रणाली तेव्हा बाजारात येण्याच्या बेतात होती.

ॲडोबीची प्रणाली करत होती ते क्रॉस-कंपायलिंग, म्हणजे एका प्रोसेसरच्या संगणकावर दुसऱ्या प्रोसेसरसाठी मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा) तयार करणे. गंमत अशी की, इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर बसून एआरएम प्रोसेसरच्या आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये ॲप बनवणारा विकासकही तेच करत होता. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचा मशीन कोड करणारी साधने, घडवण्याच्या ज्या एलएलव्हीएम प्रकल्पाला ॲपलचे पाठबळ होते, तोच ॲडोबीनेही वापरला होता. दोन आकड्यांची बेरीज करणारी एआरएमची आज्ञा कोणत्या भाषेतून आली, हे प्रोसेसरला कळत नाही. (प्रोग्रामसोबत येणाऱ्या लायब्ररींवरून मूळ भाषेचा माग काढता येतो, पण ते काम तपासनिसाचे.) ‘ॲपलने नेमून दिलेल्या भाषेतले ॲप वेगवानच असणार’ ही त्यामुळे निव्वळ श्रद्धा आहे.

खरा तांत्रिक अडसर वेगळा आहे आणि तो मोठा देखणा आहे. ॲपवर डिजिटल स्वाक्षरी करताना त्यातील कोडचे ४ किलोबाइटचे तुकडे, म्हणजे पेजेस, पाडून प्रत्येकाचा हॅश काढतात. हॅश हा त्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा असतो. एक बिट बदलला तरी तो पार बदलतो. स्वाक्षरी या ठशांच्या यादीवर होते. पुढे एखादे पेज मेमरीत आले की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याचा हॅश पुन्हा काढून यादीशी ताडतो आणि तो जुळला नाही तर ॲप बंद पाडतो. प्रोग्राम चालू असतानाच नवा मशीन कोड घडवणाऱ्या जेआयटी कंपायलरची इथे कोंडी होते, कारण त्याने आत्ताच लिहिलेल्या पेजचा ठसा यादीत असणे शक्यच नाही. म्हणूनच सी-शार्प भाषेत आयफोन-ॲप बनवण्याच्या मोनोटच या साधनात सगळा कोड ॲप फोनवर जाण्यापूर्वीच कंपाइल करावा लागे. सफारीच्या जावास्क्रिप्टला मात्र २०११ मध्ये आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) ४.३ पासून जेआयटीची खास मुभा मिळाली.

९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलने भाषेची अट सैल केली. ॲपने बाहेरून कोड उतरवून घेऊ नये, एवढा आग्रह ठेवला. तो आग्रह कागदावर लिहावा लागला, कारण इंटरप्रिटर, म्हणजे मशीन कोड न बनवता दिलेला प्रोग्राम वाचत वाचत चालवणारा प्रोग्राम, ठशांच्या पहाऱ्यात सापडत नाही. इंटरप्रिटरचा स्वतःचा कोड स्वाक्षरी झालेलाच असतो आणि त्याला दिलेला प्रोग्राम कर्नलच्या लेखी एखाद्या चित्रासारखी किंवा पत्रासारखी नुसती माहिती असते.