गल्ला, खिळा आणि स्क्रीन: रेस्टॉरंटच्या सॉफ्टवेअरची मागची गोष्ट

रेस्टॉरंटच्या टीमसाठी वापरायला सोपं सॉफ्टवेअर बनवायचं म्हटलं की चर्चा लगेच बटणं कुठे ठेवायची नि रंग कुठला द्यायचा यावर येते, पण ही गोष्ट स्क्रीन यायच्या बरीच आधीची आहे आणि ती सुरू होते मालकाच्या संशयापासून. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनमध्ये जेम्स रिटी नावाच्या माणसाचा दारूचा बार होता आणि त्याला पक्का वहीम होता की नोकर गल्ल्यावर हात मारतात. १८७८ मध्ये तो बोटीने युरोपला निघाला, तिथे बोटीचा पंखा किती फेरे फिरला ते मोजणारं यंत्र बघितलं आणि म्हणाला, फेरे मोजता येतात तर विक्री का नाही? परत येऊन भावाबरोबर त्याने यंत्र बनवलं, १८७९ मध्ये पेटंट घेतलं, नाव ठेवलं ‘इनकरप्टिबल कॅशियर’, म्हणजे पैसे न खाणारा कॅशियर! पहिल्या यंत्राला पैसे ठेवायचा ड्रॉवर पण नव्हता, नुसती घड्याळासारखी तबकडी. ड्रॉवर आणि घंटी नंतर आली, आणि घंटी कशाला तर गल्ला उघडला की आतल्या खोलीत बसलेल्या मालकाला कळावं म्हणून. १८८४ मध्ये जॉन पॅटरसनने हा धंदा विकत घेऊन त्याची नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी केली.

थोडक्यात, या सगळ्या सॉफ्टवेअरचा पणजोबा नोकरावर नजर ठेवायला जन्मला. आजही एखाद्या सिस्टीममध्ये रिपोर्ट पन्नास प्रकारचे मिळतात पण वेटरला एक ऑर्डर दोन टेबलांत वाटायची तर सहा वेळा टॅप करावं लागतं, तेव्हा मला हा रिटीच आठवतो.

पण एक दुसरी लाइन पण आहे, काम करणाऱ्याची सोय बघणारी, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोत विल्यम फूट व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने रेस्टॉरंटमधल्या माणसांचा अभ्यास केला, तो १९४८ मध्ये पुस्तकरूपात आला. त्याला दिसलं ते असं की गर्दीच्या वेळी वेट्रेस काउंटरवर येऊन ऑर्डर ओरडतात, आतला स्वयंपाकी स्वतःला मोठा समजतो, त्याला ‘हे दे, लवकर दे’ कोणी म्हटलेलं आवडत नाही, मग तो मुद्दाम उशीर करतो, भांडणं होतात, कोणीतरी रडतं. यावर उपाय काय, तर काउंटरवर एक उभा टोकदार खिळा. वेट्रेसने चिठ्ठी लिहून खिळ्यात खोचायची, स्वयंपाक्याने आपल्या सोयीने काढायची. कोणी कोणाला हुकूम देत नाही, चिठ्ठी काय ती बोलते.

१९६२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एलायस पोर्टरने याच खिळ्यावर एक बोधकथा लिहिली. आता नीट बघा हा खिळा काय काय करतो: ऑर्डर लक्षात ठेवतो, रांग लावतो, एकदम आलेली गर्दी झेलतो, स्वयंपाक्याला चार चिठ्ठ्या एकदम बघून सारखे पदार्थ एकत्र करता येतात, आणि नंतर वाद झाला तर पुरावा पण असतो. आज किचनमध्ये ऑर्डर दाखवणाऱ्या स्क्रीनची फीचर लिस्ट याहून फार वेगळी नाहीये हो. आणि ट्रेनिंग? शून्य मिनिटं.

कॉम्प्युटर आला तो ७० च्या दशकात. १९७४ मध्ये विल्यम ब्रोबेक अँड असोसिएट्सने मॅकडोनाल्ड्ससाठी इंटेल ८००८ चिपवर चालणारी सिस्टीम बनवली, मायक्रोप्रोसेसरवरच्या अगदी सुरुवातीच्या सिस्टीमपैकी एक. प्रत्येक पदार्थाला स्वतःचं बटण, पहिली ऑर्डर चालू असताना दुसरी घ्यायची सोय, टॅक्स आपोआप. आणि दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, एक बंद पडला तर दुसरा अख्खं दुकान चालवेल असे. पन्नास वर्षांनी काही क्लाउडवाले इंटरनेट गेलं की हात वर करतात, त्यांनी हे वाचावं.

तरी मोठा मेनू असला की अडचण यायचीच, सगळ्या पदार्थांना बटणं पुरत नाहीत मग कोड नंबर पाठ करा, आणि या धंद्यात माणसं टिकत नाहीत, म्हणजे दर थोड्या दिवसांनी नव्या पोराचं पाठांतर पहिल्यापासून. ही अडचण सोडवली जीन मोशरने. त्याचं स्वतःचं रेस्टॉरंट होतं न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये, तिथे तो आधी ॲपल टू कॉम्प्युटरवर ऑर्डर घेऊन किचनमध्ये छापायचा, आणि १९८६ मध्ये त्याने अटारी एसटी कॉम्प्युटरवर रंगीत टचस्क्रीनची सिस्टीम आणली, लास व्हेगासच्या कॉमडेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनात दाखवली. स्क्रीनवर पदार्थाचं नाव दिसतंय, बोट लावा, झालं. स्वतः काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाने बनवलं म्हणूनच ते तसं झालं असं माझं मत.

बटण मोठं का हवं याचं गणित मात्र १९५४ पासून आहे, पॉल फिट्सचा नियम: लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका हात पोचायला वेळ. आणि बटणाची जागा हलवू नये, कारण जुना वेटर बघून दाबतच नाही, त्याच्या बोटांना पाठ असतं. ‘जास्त विकलं जाणारं आपोआप वर’ वगैरे हुशारी रश अवरला शिव्या खाते.

ड्यूटीच्या वेळापत्रकाची गोष्ट वेगळीच. आधी भिंतीवर कागद, मग एक्सेल, मग गर्दीचा अंदाज बांधून शिफ्ट लावणारं सॉफ्टवेअर. मॅनेजरला मस्त सोपं, पण रात्री बंद करणाऱ्यालाच पहाटे उघडायला बोलवायचं, शिफ्ट ऐनवेळी रद्द करायची, हे पण तेवढंच सोपं झालं. २०१४ मध्ये अमेरिकेत यावरून बराच गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्क शहरात फास्टफूडच्या कामगारांना वेळापत्रक १४ दिवस आधी द्यायचा कायदा लागू झाला. म्हणजे ‘युजर’ नक्की कोण हा प्रश्न शेवटी कायद्याने सोडवायला लागला. शिफ्ट एकमेकांत बदलणं, सुट्टी मागणं हे कामगाराच्या फोनवर देणाऱ्या ॲप्सनी तीच दुसरी, म्हणजे काम करणाऱ्याची, बाजू उचलली.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि महागडी खास मशीनं घेणं सक्तीचं राहिलं नाही, ते सगळ्यांना दिसलं. न दिसलेला भाग किचनचा. तिथे हात तेलकट, ग्लोव्ह घातलेले, वाफ, टच नीट लागत नाही, म्हणून स्क्रीनखाली जाड बटणांची पट्टी असते, पदार्थ झाला की एक दणका द्यायचा, स्क्रीनवरची चिठ्ठी गायब. आणि बऱ्याच किचनमध्ये अजून जुना रिबनवाला प्रिंटरच आहे, कारण नव्या प्रिंटरचा थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. दुसरं म्हणजे हा जुना प्रिंटर छापताना कर्रर्र करून ओरडतो. नव्या, शांत प्रिंटरला म्हणून वेगळा बझर जोडून द्यावा लागतो, नाहीतर केओटी, म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी, आली हे तव्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला कळतच नाही.