हातचे किती धरायचे?

"अजून पन्नास गणितं सोडव, आपोआप जमायला लागेल." हा सल्ला मी कित्येक मुलांना दिला आहे, आणि तोही छातीठोकपणे. मुलं गुणी असतात, पन्नास सोडवतातही. आठवड्याने त्याच जातीचं गणित जरा वळण घेऊन समोर आलं की पेन थांबतं आणि उत्तर येतं, "हे आम्हाला शिकवलंच नाहीये." मग आपण ठरवून टाकतो की सराव कमी पडला. किंवा त्याहून वाईट, की याला गणिताचं अंगच नाही. पन्नास गणितं बरोबर सोडवूनही माणूस काहीच शिकला नसेल, ही शक्यता मला फार उशिरा कळली. कळली ती एका जुन्या प्रयोगामुळे, म्हणून आधी तोच सांगतो.

१९८० च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन स्वेलर नावाचे मानसशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना आकड्यांची कोडी घालत होते. एक संख्या दिलेली, दुसरी गाठायची. चाली फक्त दोन: तिनाने गुणा, नाहीतर २९ वजा करा. समजा १५ वरून १९ ला पोचायचं आहे. १५ ची तिप्पट ४५. त्यातून २९ गेले, राहिले १६. त्याची तिप्पट ४८, त्यातून २९ गेले, १९. झालं. (हे उदाहरण माझं आहे, आणि त्यात वळसा घालून जाणाऱ्या वाटाही आहेत. स्वेलर यांनी आकडे असे निवडले होते की वाट एकच उरावी.) गंमत अशी, की ती वाट प्रत्येक कोड्यात तीच होती: गुणा, वजा करा, गुणा, वजा करा. कोडी जवळपास सगळ्यांना सुटली. पण 'अरे, दर वेळी आलटूनपालटून एवढंच तर करायचंय' हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

विद्यापीठात शिकणारी मुलं, आणि नियम दुसरीतल्या पोराला सांगता येईल इतका साधा. कोडं सुटत होतं, हातून नियम पाळलाही जात होता, आणि तरी तो दिसत नव्हता. असं का व्हावं?

एक काम करा. कागद न घेता ४७ गुणिले ३८ करा. आठ सत्ते छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच. आठ चोक बत्तीस आणि पाच सदतीस, म्हणजे ३७६. हे लक्षात ठेवा. आता ४७ गुणिले ३०, म्हणजे १४१०. आता बेरीज करायची... पण मघाशी काय आलं होतं? तीनशे किती? तुमचे पाढे कच्चे नाहीत, बेरीजही येते. कमी पडली ती हातचे धरायची जागा. (उत्तर १७८६.)

या जागेला मानसशास्त्रात 'वर्किंग मेमरी' म्हणतात, आपण कार्यस्मृती म्हणू. आयुष्यभराचं साठवलेलं ज्ञान जिथे असतं तिला जवळजवळ तळ नाही. कार्यस्मृती मात्र अगदी चिमुकली. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सातच्या आगेमागे सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या नव्या गोष्टी एका वेळी धरायच्या तर चार. पाचवी आली की एक निसटते.

आता नवशिका गणित कसं सोडवतो ते पाहा. त्याला रीत माहीत नसते, म्हणून तो उत्तराकडून उलटा येतो. कोन काढायचाय. तो कोणत्या त्रिकोणात आहे? त्या त्रिकोणातला दुसरा कोन माहीत आहे का? नाही. मग आधी तो काढू. त्यासाठी कोणतं प्रमेय? समांतर रेषांचं लावता येईल, पण त्या समांतर आहेत असं दिलंय का? एवढ्यात हातचे मोजा: मूळ काय काढायचं ते, मधेच काय काढायला निघालो ते, काय दिलंय ते, आणि कोणतं प्रमेय लावतोय ते. चार झाले, जागा भरली. शेवटी उत्तर येतं, कारण ही पद्धत उत्तर शोधायला खरोखरच चांगली आहे. पण आपण आलो कोणत्या वाटेने, हे बघायलाही थोडी जागा लागते, आणि ती उरलेलीच नसते. उत्तर वहीत राहतं, वाट पुसली जाते.

मला या स्पष्टीकरणाचं इतकं कौतुक आहे त्याचं कारण त्यातून निघणारं एक उलटंच भाकीत. गणितातून उत्तराचं लक्ष्यच काढून टाका. 'कोन क्ष किती?' असं न विचारता 'या आकृतीतले काढता येतील तेवढे कोन काढा' असं म्हणा. ऐकायला काम वाढल्यासारखं वाटतं. पण आता उलटं यायचं कारण उरत नाही. समोर जे आहे ते पाहायचं, त्यावर काय चालतं ते लावायचं, मिळालं ते लिहायचं आणि विसरायचं. हातचा एखादाच. स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेही करून पाहिलं, आणि अशी मोकळी गणितं केलेल्यांना रीत जास्त चांगली उमजली. फळ्यावरचा प्रश्न बदलायला शिक्षकाला एक ओळ पुसावी लागते, बस.

शिक्षकाला हा भार दिसत मात्र नाही. त्याच्याही डोक्यात जागा चारचीच असते, पण त्याचा एकेक तुकडा मोठा असतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला. मुरलेल्या खेळाडूने बहुतेक मोहरी जागच्या जागी लावली, नवख्याला थोडीच जमली. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवल्यावर मात्र मुरलेल्याची आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हती. त्याला सुटी मोहरी दिसतच नव्हती, दिसत होत्या त्या ओळखीच्या रचना. '३(क्ष + ५) = ३६' हे समीकरण शिक्षकाला असंच एका घासात दिसतं. विद्यार्थ्याला त्यात कंस दिसतो, कंसाबाहेरचा एक तीन, त्या दोघांमधलं न लिहिलेलं गुणिले, अधिक, बरोबर, आणि 'आधी कंस सोडवू की तीनने भागू' ही धास्ती. अशा वेळी "सोप्पं तर आहे!" असं म्हणणारा शिक्षक खोटं बोलत नसतो, फक्त स्वतःच्या डोक्यातलं वर्णन करत असतो. वर्गात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत याच्याइतका निरुपयोगी शब्द मला माहीत नाही.

मग करायचं काय? सुरुवातीला सरळ सोडवून दाखवायचं. स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले. काही विद्यार्थ्यांनी सगळी गणितं स्वतः सोडवली. बाकीच्यांनी एक सोडवलेलं गणित नीट वाचायचं आणि लगेच तसंच एक सोडवायचं, असं केलं. दुसऱ्या गटाचा वेळ कमी लागला आणि पुढच्या तशाच गणितांत चुकाही कमी झाल्या. वाचताना लक्ष्याच्या मागे धावायचं नसतं, म्हणून पायऱ्यांकडे बघायला जागा मिळते. पुढे हळूहळू पायऱ्या गाळायच्या: आधी शेवटची कोरी, मग शेवटच्या दोन, मग सगळंच गणित कोरं.

'मुलांना सगळं आपलं आपण शोधू द्या' म्हणणाऱ्या मंडळींना हे आवडत नाही. पण 'दाखवा आणि पाठ करून घ्या' वाल्यांनीही हुरळून जाऊ नये. स्लावा काल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की ज्याला रीत आधीच येते, त्याला सोडवलेली गणितं उलट अडचण करतात. डोक्यातलं आणि कागदावरचं जुळवत बसण्यातच त्याची जागा जाते. मनू कपूर यांच्या प्रयोगांत तर आधी धडपडून, चुकून, आणि नंतर शिकवलं गेलेल्या मुलांना संकल्पना जास्त खोल समजल्या. त्यातले 'नंतर शिकवलं गेलेल्या' हे शब्द लोक सोयीस्करपणे गाळतात. एकूण काय, तर एकच कागद एकाच तासाला एका बाकावर औषध असतो आणि शेजारच्या बाकावर ओझं. हे छापील पुस्तकाला कळणं शक्य नाही. ते ओळखायला समोर माणूस लागतो.

तो माणूस नेमकं काय करतो, ते मला एका साध्या गणितात दिसलं. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते आहे, तर ३०० मीटरचा पूल ओलांडायला किती वेळ लागेल? माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने वेग सेकंदाला १५ मीटर असा बरोबर काढला, ३०० ला १५ ने भागलं आणि २० सेकंद लिहून मोकळी झाली. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, "अगं, गाडीची लांबी मिळवायची ना." दहा वर्षांपूर्वी मी ते बोललोही असतो. तिने ४५० भागिले १५ करून ३० लिहिलं असतं आणि आम्ही पुढच्या गणिताकडे वळलो असतो.

त्याऐवजी मी पट्टी आडवी ठेवली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. पट्टी म्हणजे पूल, पेन्सिल म्हणजे गाडी. "टोक पुलावर शिरलं, घड्याळ चालू झालं. आता चालव, आणि घड्याळ थांबवायचं तिथे थांब." पेन्सिलीचं टोक पट्टीच्या दुसऱ्या कडेला पोचलं तशी ती थांबली. मी गप्प. तिने पट्टीवर पसरलेल्या उरलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं. "शेवटचा डबा अजून पुलावरच आहे," असं पुटपुटली आणि पेन्सिल पुढे सरकवली. लांबी मिळवायची हे मला सांगावं लागलं नाही. लगेच मी विचारलं, "अख्खी गाडी पुलावर आहे, असा वेळ किती?" 'मिळवायची' हे पाठ करणारा इथे हमखास आपटतो. तिने पेन्सिल मागे नेली, पुन्हा चालवली, आणि १५० मीटर, १० सेकंद असं सांगितलं.

पेन्सिल इथे हातचे धरत होती. गाडी कुठे आहे, किती आत आली, किती उरली, हे सगळं टेबलावर होतं, त्यामुळे डोक्यातली जागा विचाराला मोकळी राहिली. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना अशाच मदतीचं निरीक्षण केलं, आणि तिला बांधकामाची परांची म्हटलं. मुलाला जे पेलत नाही तेवढंच शिक्षकाने पेलायचं. वुड यांच्या कामातून निघालेला नियम अगदी रोखठोक आहे: मूल अडलं तर मदत एक पायरी वाढवा, जमलं की एक पायरी मागे या. पाळायला महाकठीण, कारण जमल्यावरही बोलत राहायची आपल्याला खोड असते.

गप्प बसणंही मोजून झालंय. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, असं मेरी बड रो यांना वर्गांच्या ध्वनिमुद्रणांत आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. घरी करून पाहा, तीन सेकंद किती लांब असतात ते कळेल.

आणि ताळा. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये सांगितलेल्या, गणित सोडवायच्या चार पायऱ्यांतली शेवटची हीच, मागे वळून पाहण्याची. अमेरिकेत १९८० च्या दशकात झालेल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी '३१, बाकी १२' इतक्या बस मागवल्या! ३२ लिहिणारे फक्त २३ टक्के. भागाकार पडताळायची सवय सगळ्यांना लावली जाते, पण बाकी उरलेल्या १२ माणसांना कुठे बसवणार हे कुणी विचारत नाही.

हे सगळं संथ आणि दिसायला कंटाळवाणं असतं, म्हणूनच बाजारात झटपट माल खपतो. 'मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू 'जागा' करून देतो म्हणणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांकडून पुस्तक वाचून घेतात. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघत असतात, आणि मध्यमेंदू जिवंत माणसात चालूच असतो. 'तुमचं मूल बघून शिकणारं की ऐकून शिकणारं?' हे त्याचंच जरा सभ्य भावंड. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यामागचा पुरावा तपासला, तेव्हा तशा वाटण्या करून शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही.

त्या दिवशी शेवटचं गणित समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचं होतं. मी तोंड उघडणार इतक्यात तिने कंपासपेटीतून दुसरी पेन्सिल काढली, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली, आणि स्वतःशीच म्हणाली, "आता घड्याळ कधी थांबवायचं?" मी खुर्चीत मागे टेकलो.