‘आपले लोक असेच’: राष्ट्रस्वभावाच्या अभ्यासामागचा इतिहास

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरताच माणसं कामावर परतली आणि त्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हटलं गेलं. पण हातावर पोट असणाऱ्याला घरी बसून परवडलं असतं का? परिस्थितीनं करायला लावलेलं स्वभावाच्या खात्यावर मांडायचं, ही राष्ट्रस्वभावाच्या, म्हणजे एखाद्या देशाच्या लोकांचा मिळून एक स्वभाव असतो का याच्या, अभ्यासातली फार जुनी चूक. (इंग्रजीतल्या ‘नॅशनल कॅरेक्टर’ला ‘राष्ट्रीय चारित्र्य’ म्हटलं की मराठीत नीतिमत्ता आठवते, म्हणून इथे ‘स्वभाव’.)

१७४८ साली फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूनं स्वभाव घडवण्यात हवामानाला मोठं स्थान दिलं. त्याच वर्षी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं ते नाकारून राज्यपद्धती, सुबत्ता, सहवास ही कारणं पुढे केली. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी मात्र स्वभाव जन्मालाच बांधला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तान्ह्या मुलांसकट अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. देशभरातून तो कायदा १९५२ साली हटला. काही जातीच जन्मतः लढवय्या असतात, या ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांतापायी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. आपल्याकडे या विषयाची किंमत माणसांनी मोजली आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्टनं जपानला न जाता जपान अभ्यासला: अमेरिकेतल्या जपानी लोकांच्या मुलाखती, चित्रपट, कादंबऱ्या यांवरून. निरीक्षणं मार्मिक होती, पण ती नेमकी कोणत्या जपान्यांना लागू, हे त्यातून ठरत नव्हतं. १९५२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ अँथनी वॉलेसनं अमेरिकेतल्या टस्कारोरा या आदिवासी जमातीतल्या ७० जणांच्या शाईच्या डागांच्या चाचणीचे (डागात काय दिसतं यावरून स्वभाव ताडण्याची चाचणी) निष्कर्ष मांडले. नमुनेदार, म्हणजे जमातीत सर्वाधिक आढळणाऱ्या, स्वभावाच्या गटात बसले सुमारे ३७ टक्के. एवढ्याशा वस्तीत ही गत, तर २०११ च्या जनगणनेतल्या सव्वा कोटी मुंबईकरांचा एक स्वभाव कुठून काढायचा?

२००५ मध्ये ४९ संस्कृतींतल्या सुमारे ४,००० जणांना ‘तुमच्याकडचा नमुनेदार माणूस कसा?’ असं विचारलं गेलं. उत्तरं प्रत्यक्ष व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या सरासरीशी जुळली नाहीत. शिवाय ‘मी वक्तशीर आहे’ असं सांगताना माणूस शेजाऱ्याशी तुलना करतो, परदेशातल्या कुणाशी नाही. त्यामुळे दोन देशांचे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत.

म्हणून वर्तन मोजावं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेन्झायान यांनी ३१ देशांत (१९९९) जगण्याचा वेग पाहायला तीन गोष्टी मोजल्या: ६० फूट चालायला लागणारा वेळ, टपाल तिकीट मिळायला लागणारा वेळ आणि बँकांतल्या घड्याळांचा अचूकपणा. मुंबईत हे करायचं तर सपाट, मोकळा फुटपाथ निवडावा, ६० फुटांवर दोन खुणा कराव्यात, एकटे चालणारेच घ्यावेत, दुकानांच्या काचांत डोकावणारे वगळावेत. सकाळी नऊला दादर स्टेशनबाहेर उभं राहिलात, तर माणसांचा स्वभाव नव्हे, लोकलचं वेळापत्रक मोजलं जाईल. रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कलाही तीच मोजणी करावी, आणि सरासरीबरोबर सर्वांत सावकाश व सर्वांत भरभर चालणाऱ्याचा आकडाही छापावा.