पाण्यातील विद्राव्यतेचे मापन

पाण्यातील विद्राव्यता म्हणजे ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळू शकतो, ते प्रमाण. काही पुस्तकांत यालाच द्रावणीयता म्हटले आहे. हे प्रमाण 100 ग्रॅम पाण्यामागे ग्रॅममध्ये सांगतात, नाहीतर 1 लिटर द्रावणामागे ग्रॅम वा मिलीग्रॅममध्ये. दोन्ही आकडे एकच समजण्याची चूक नेहमी होते. 20 °से. तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते. म्हणून 1 लिटर द्रावणात 2 किलो साखर असते असे नाही. साखर पडेल तसे द्रावण फुगत जाते आणि लिटरभर संपृक्त द्रावणात प्रत्यक्षात 900 ग्रॅमच्या आतच साखर भरते.

मोजण्याआधी ‘विरघळले’ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. कपाशीवर फवारणी चालू असताना ड्रमजवळ उभे राहून ‘औषध विरघळलं का?’ असे विचारले, तर ‘हो, दुधावानी पांढरं झालं’ असे उत्तर मिळते. पण पाणी पांढरे झाले, हाच ते न विरघळल्याचा पुरावा. विरघळलेल्या पदार्थाचे रेणू किंवा आयन (विद्युत्‌भार असलेले कण) पाण्यात सुटे होतात, द्रावण आरपार दिसते. त्याला रंग असू शकतो, पण गढूळपणा नसतो. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) द्रावण निळे असून स्वच्छ असते. चुन्याची निवळी स्वच्छ असते, तर चुन्याचे दूध हे पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे मिश्रण असते. अंधारात बॅटरीचा झोत पाडून पाहावा. मिठाच्या पाण्यातून जाणारा झोत बाजूने दिसत नाही, पांढऱ्या पाण्यात मात्र त्याची वाट उजळते. याला टिंडल परिणाम म्हणतात, आणि प्रयोगशाळेतही गाळलेल्या द्रावणात कलिल (तरंगत राहणारे अतिसूक्ष्म) कण उरले आहेत का, हे याच युक्तीने तपासतात.

कृषी केंद्रातल्या बाटल्यांवरील ईसी (पाण्यात पायस होणारे दाट औषध), डब्ल्यूपी (पाण्यात मिसळणारी भुकटी), एसपी, एसएल (विरघळणारे द्रवरूप औषध) ही अक्षरे मुळात विद्राव्यतेशी निगडित आहेत. ॲसिफेट हे कीटकनाशक लिटरभर पाण्यात 790 ग्रॅमपर्यंत विरघळते, म्हणून ते एसपी, म्हणजे विरघळणारी भुकटी, या रूपात देता येते. क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाची विद्राव्यता लिटरला जेमतेम 1 मिलीग्रॅमच्या आसपास आहे. समजा 20 टक्के ईसी 10 लिटर पाण्यात 20 मिली टाकले, तर सुमारे 4 ग्रॅम क्लोरपायरीफॉस पडले, म्हणजे लिटरला 400 मिलीग्रॅम. पाण्याच्या ऐपतीच्या शेकडो पट हे झाले. म्हणून ते आधी सेंद्रिय द्रावकात विरघळवतात, त्यात पायसकारक (थेंब पाण्यात विखुरलेले ठेवणारा पदार्थ) घालतात, आणि पाण्यात पडल्यावर त्याचे सूक्ष्म थेंब तरंगत राहतात. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाच्या डब्ल्यूपी भुकटीत थेंबांऐवजी बारीक कण असतात. कण खाली बसतात. ड्रम मधूनमधून ढवळला नाही, तर सुरुवातीचे पंप पातळ आणि शेवटचे जहाल भरतात. नोझल चोंदते ते वेगळेच.

संपृक्तता आणि वेग

पाण्यात पदार्थ टाकत गेल्यावर एक वेळ अशी येते की तळाशी पदार्थ शिल्लक राहतो आणि कितीही ढवळले तरी द्रावणातले प्रमाण वाढत नाही. तळाचे कण विरघळतच असतात, पण तितकेच परत बसतही असतात. हा समतोल म्हणजे संपृक्त द्रावण, आणि विद्राव्यता मोजायची म्हणजे या द्रावणाची संहती, म्हणजे त्यातले पदार्थाचे प्रमाण, मोजायची. खडेमीठ सावकाश विरघळते आणि बारीक मीठ पटकन, पण दोन्हींची मर्यादा एकच : 20 °से. ला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम. कुटणे, ढवळणे यांनी वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही. विरघळण्याच्या वेगाचे सूत्र नॉईज आणि व्हिटनी यांनी 1897 मध्ये मांडले. ‘लवकर विरघळते’ आणि ‘जास्त विरघळते’ या दोन गोष्टींची गल्लत मात्र अजून गेलेली नाही. व्यापारी डीएपीच्या दाण्यांचे तसेच आहे. शुद्ध डायअमोनियम फॉस्फेट पाण्यात भरपूर विरघळते, पण रात्रभर भिजवलेल्या डीएपीच्या तळाशी काळपट गाळ उरतो. तो दाण्यातल्या अविद्राव्य भागाचा असतो. तेवढ्यावरून खत बनावट ठरवता येत नाही.

युरियाने दुसरा घोळ होतो. युरिया विरघळताना उष्णता शोषून घेतो. बादलीत दोन-चार ओंजळी टाकल्या की पाणी हाताला गार लागते, पावसाळ्यात बादलीला बाहेरून घाम फुटतो. गार पाण्यात युरियाची विद्राव्यता कमी, म्हणून तळाशी दाणे राहिलेले दिसतात आणि पाणी ‘भरले’ असे वाटते. तासाभराने पाणी पुन्हा हवेच्या तापमानाला आले की तेच दाणे विरघळतात. आकडा घ्यायचा तो तापमान स्थिरावल्यावरच.

मोजण्याच्या पद्धती

रसायनांच्या नोंदणीसाठी जगभर वापरली जाणारी पद्धत आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या क्रमांक 105 च्या चाचणी-मार्गदर्शिकेत दिली आहे (1981, सुधारित 1995). आधी अंदाज घेतात. बूच असलेल्या 10 मिलीच्या मापी नळीत 0.1 ग्रॅम पदार्थ टाकून पाणी थोडेथोडे वाढवत न्यायचे आणि दर वेळी 10 मिनिटे हलवून डोळ्यांनी पाहायचे. अर्ध्या मिलीत विरघळला तर विद्राव्यता लिटरला 200 ग्रॅमच्या आसपास, 10 मिलीत विरघळला तर 10 ग्रॅमच्या. 100 मिली पाण्यातही उरला तर लिटरला 1 ग्रॅमपेक्षा कमी. गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही एवढे सहज होते. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणि धीर हवा.

फ्लास्क पद्धत : लिटरला 0.01 ग्रॅमपेक्षा जास्त विरघळणाऱ्या पदार्थांसाठी. अंदाजे लागेल त्याच्या पाचपट पदार्थ तीन बाटल्यांत पाण्यासह घालून 30 °से. ला ढवळत ठेवतात. एका दिवसाने पहिली बाटली काढून 24 तास 20 °से. ला ठेवतात, दुसरी आणि तिसरी अनुक्रमे दोन आणि तीन दिवसांनी. आधी गरम आणि मग गार करण्यामागे हेतू आहे : वरून खाली येताना जादा पदार्थ बाहेर पडतो आणि समतोल लवकर गाठता येतो. शेवटच्या दोन बाटल्यांतील संहतींत 15 टक्क्यांहून जास्त फरक नसेल, तर समतोल झाला असे धरतात. फरक वाढतच गेला तर पुन्हा जास्त दिवस ठेवावे लागते.

त्यानंतरची पायरी सगळ्यांत नाजूक : न विरघळलेला पदार्थ वेगळा करणे. धोतराच्या फडक्याने वा साध्या गाळण कागदाने अतिसूक्ष्म कण अडत नाहीत. अपकेंद्रित्र (वेगाने फिरवून कण तळाशी बसवणारे यंत्र) किंवा मायक्रोमीटरच्या अंशाइतकी छिद्रे असलेली पटलगाळणी वापरतात, आणि हे सगळे त्याच तापमानाला करावे लागते. लिटरला काही मिलीग्रॅमच विरघळणाऱ्या पदार्थाचे न दिसणारे कण नमुन्यात गेले, तर आकडा दुप्पट होऊ शकतो. जुन्या कोष्टकांत एकाच पदार्थाचे वेगवेगळे आकडे दिसतात, त्याचे मोठे कारण हेच असते.

मग द्रावणात किती पदार्थ आहे ते शोधायचे. मिठासाठी तराजू पुरतो. वरचे स्वच्छ संपृक्त द्रावण 25 ग्रॅम वजन करून वाटीत घ्यावे. अकोल्याच्या मे महिन्यात ऊनच चूल होते. पाणी उडाल्यावर सुमारे 6.6 ग्रॅम मीठ उरते. म्हणजे पाणी 18.4 ग्रॅम, आणि 100 ग्रॅम पाण्याला मीठ सुमारे 36 ग्रॅम. युरियाला ही रीत चालत नाही, कारण तो 133 °से. च्या आसपास वितळतो आणि त्यातून बाययुरेट हा वेगळाच पदार्थ तयार होऊ लागतो. मोरचुदाच्या स्फटिकात स्वतःचे पाणी असते. तापवल्यावर ते जाते आणि निळे खडे पांढरट होतात. म्हणून उत्तर सजल मोरचुदाचे की निर्जल, हे लिहावेच लागते. अशा ठिकाणी अनुमापन (ज्ञात द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणे), वर्णपटमापी (प्रकाश किती शोषला ते मोजणारे यंत्र) किंवा वर्णलेखन (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणे) वापरतात. अल्प विरघळणाऱ्या क्षारांसाठी विद्युत्‌वाहकता मोजून संहती काढण्याची रीत एकोणिसाव्या शतकात कोलराउश यांच्या कामातून पुढे आली.

पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे खिशातून टीडीएसची पेन्सिल काढतात, ती याच तत्त्वावर चालते. ती मोजते वाहकता आणि दाखवते ‘विरघळलेले एकूण पदार्थ’. याच पाण्यात दोन चमचे साखर किंवा युरिया विरघळवला तर आकडा जवळपास हलत नाही, कारण दोन्हींचे आयन होत नाहीत. आकडा शून्याजवळ आला म्हणून पाण्यात काहीच विरघळलेले नाही, असे मानू नये.

स्तंभ पद्धत : लिटरला 0.01 ग्रॅमपेक्षा कमी विरघळणाऱ्यांसाठी. वाळू किंवा काचेच्या मण्यांवर पदार्थाचा पातळ थर चढवून ते नळीत भरतात आणि त्यातून पाणी अगदी सावकाश सोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यातली संहती एका आकड्यावर टिकली की ती विद्राव्यता. येथे पावडर ढवळली जात नाही, म्हणून तरंगणाऱ्या कणांचा त्रास कमी.

तापमान

तापमान न लिहिलेला विद्राव्यतेचा आकडा निरुपयोगी समजावा. गे-ल्युसॅक यांनी 1819 मध्ये क्षारांच्या विद्राव्यतेचे तापमानाप्रमाणे आलेख काढले, तेव्हापासून हे माहीत आहे. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) 0 °से. ला 100 ग्रॅम पाण्यात 13 ग्रॅम विरघळतो, 20 ला सुमारे 32, 40 ला 64 आणि 100 ला 245 ग्रॅमच्या आसपास. मीठ मात्र 0 पासून 100 अंशांपर्यंत 36 वरून 39 पर्यंतच सरकते. कोष्टके 20 किंवा 25 °से. ची असतात; विदर्भातल्या शेतातली टाकी डिसेंबरच्या पहाटे त्याच्या खाली असते आणि एप्रिलच्या दुपारी कितीतरी वर. दुपारी तयार केलेले 13-0-45 चे, म्हणजे सोऱ्याच्याच खताचे, दाट द्रावण पहाटे टाकीच्या तळाशी खडे होऊन बसते, त्याचा उलगडा वरच्या आकड्यांत आहे.

चुना उलटा वागतो. 0 °से. ला लिटरभर पाण्यात विरलेला चुना 1.9 ग्रॅमच्या जवळपास विरघळतो, 20 ला 1.7 आणि उकळत्या पाण्यात जेमतेम 0.7.

संत्र्याच्या बागेतली चाचणी

वरुड, मोर्शी, काटोल भागात संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी बोर्डो मिश्रण आणि बोर्डो मलम घरीच करतात. 1 टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचूद 100 ग्रॅम पाण्यात 30 ग्रॅमपेक्षा जास्त विरघळते, इथे तर फक्त 1 ग्रॅम आहे, म्हणून ते पूर्ण विरघळते. चुन्याचे तसे नाही. 100 लिटर पाण्यात एका वेळी फार तर 170 ग्रॅम चुना द्रावणात जाईल, बाकीचा दुधाच्या रूपात लटकत राहील. पण द्रावणातला चुना मोरचुदाशी अभिक्रियेत खर्ची पडला की त्या जागी दुधातला नवा चुना विरघळतो. अल्प विद्राव्यता म्हणजे निरुपयोगीपणा नव्हे, ती साठ्यातून पुरवठा करणारी तोटी आहे.

मिश्रण झाल्यावर बागवान त्यात चकचकीत लोखंडी विळा किंवा सुरी मिनिटभर बुडवतो. पात्यावर तांबूस पुटी चढली, तर तांबे अजून द्रावणात मोकळे आहे. ते पाने जाळते, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालायची. पाते स्वच्छ निघाले तर तांबे अविद्राव्य रूपात गेले. द्रावणात काय आहे आणि काय लटकले आहे, हे वेगळे करणारी ही चाचणी पटलगाळणीवाल्या चाचणीची सख्खी बहीण आहे, फक्त तिला कोणी विद्राव्यतेची चाचणी म्हणत नाही.

पाण्यात आधीच असलेले

मार्गदर्शिकेतली चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यात करतात, ते सोवळे म्हणून नव्हे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच क्षारांनी भरलेले असते. क्षाराच्या आयनांपैकीच एखादा (समान आयन) पाण्यात आधीच हजर असेल तर त्या क्षाराची विद्राव्यता घटते. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र टाकले की नळ्या बुजतात, ते मात्र आयनांच्या अदलाबदलीने : दोन्ही खते उत्तम विरघळणारी, पण त्यांच्यातून होणारे जिप्सम लिटरला 2.4 ग्रॅमच्या आसपासच विरघळते. पिशवीवर ‘100 टक्के विद्राव्य’ लिहिलेले असते ते एकट्या खताबद्दल.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, तिथेही विद्राव्यतेचाच हात आहे. कॅल्शियम फ्लोराइड शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे 16 मिलीग्रॅम विरघळते, त्यातून फ्लोराइड जवळपास 8 मिलीग्रॅम येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 1 मिलीग्रॅम इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास 1.5 पर्यंत चालते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला द्रावणात जास्त टिकू देत नाही; सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, कॅल्शियम कमी, अशा मऊ पाण्यात ते वाढते. भांड्यात पांढरा थर धरणारे जड पाणी वाईट आणि साबणाला फेस देणारे चांगले, हा घरगुती निकष येथे फसवतो.

लोणारच्या सरोवरात ही सगळी गणिते उघड्यावर चालतात. बाहेर वाहून जायला वाट नाही, पाणी उन्हाने आटते, आणि सोडा व मीठ मागे राहतात. धुण्याचा सोडा (निर्जल धरून) 0 °से. ला 100 ग्रॅम पाण्यात 7 ग्रॅम, 20 ला 21 ग्रॅमच्या वर आणि 35 च्या सुमारास जवळपास 49 ग्रॅम विरघळतो. त्यापुढे तापवले तर किंचित घटतो. पूर्वी येथून क्षार काढले जात, तेव्हा काठावर येणाऱ्या थरांना पापडी, दल्ला, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. एकाच पाण्यातून कोणता क्षार आधी बसतो आणि कोणता मागून, ते ओळखून ही नावे पडलेली दिसतात.