गंज काढू नका, काळा करा

खंडेनवमी जवळ आली की कोल्हापुरातल्या वाड्यांतून आणि तालमींतून हत्यारं बाहेर निघतात. तलवारी, दांडपट्टे, भाले. आणि एखाद्या घरात आजोबांच्या नावावरून वारसाने आलेली परवान्याची रायफल. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडे गवे आणि रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून तिकडे शेतीरक्षणाच्या बंदुका अजूनही आहेत. पावसाळाभर कव्हरात पडून राहिलेली नळी बाहेर काढावी तर तिच्यावर तांबडे डाग. मग घरातलं कुणीतरी उत्साहाने पॉलिश पेपर आणतं आणि घासायला बसतं. तासाभरात नळी चांदीसारखी चमकते, आणि पुढच्या पावसाळ्यात आधीच्या दुप्पट गंजते.

असं का होतं, हे गंजाच्या रसायनातच दडलेलं आहे.

लोखंडाला गंज चढायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. पाणी म्हणजे थेंबच असायला हवा असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारी पाण्याची साय धरते आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास प्रयोगांनी ही मर्यादा दाखवून दिली. आपल्याकडे आषाढ-श्रावणात आर्द्रता ८०च्याही वर असते. त्या पाण्याच्या पातळ थरात लोखंडाचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडतो, शेजारचा भाग ते ऑक्सिजनला देतो. म्हणजे पृष्ठभागावर शेकडो बारीक बॅटऱ्या सुरू होतात. त्यात घामातलं मीठ पडलं की वीज आणखी सहज वाहते. जुन्या बंदुकीवर कधीकधी गंजात बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, ते त्यामुळेच.

या तांबड्या गंजाचा खरा दोष असा, की तो लोखंडाला धरून बसत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी शोषून ठेवतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. पण लोखंड आणि ऑक्सिजन यांचीच दुसरी एक जोडणी आहे. लोखंडाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. हा मॅग्नेटाइट, निसर्गात लोहचुंबकाचा दगड म्हणून सापडतो तोच. रंगाने काळा, दाट, आणि पोलादाला घट्ट चिकटणारा. जुन्या बंदुकांच्या नळीवरची निळसर-काळी झिलई म्हणजे रंग किंवा मुलामा नाही, हाच मॅग्नेटाइट. पॉलिश पेपरने गंजाबरोबर तोही निघून जातो, म्हणून घासलेली नळी उघडी पडते.

जुने कारागीर गंज नुसता काढत नसत, तो पालटत असत. नळीवरचं तेल-ग्रीस पूर्ण उतरवायचं, गंज आणणारं सौम्य द्रावण अगदी पातळ पुसायचं आणि दमट जागी टांगायचं. काही तासांत सगळीकडे सारखी, मखमली तांबूस लव येते. मग ती नळी उकळत्या पाण्यात बुडवायची. हा क्षण मला या साऱ्या कामातला सगळ्यांत सुंदर वाटतो: तांबडी लव बघता बघता तपकिरी होते, गडद होते, आणि काही मिनिटांत काजळीसारखी काळी. उकळताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून गेलेला असतो. तांबड्या गंजाला नवा ऑक्सिजन मिळत नाही, उलट खालचं लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचा मॅग्नेटाइट होतो. वरची सैल काळी भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची, आणि पुन्हा गंज, पुन्हा उकळी. पाच-सात फेऱ्यांनंतर रंग मुरतो. थर तरीही एवढा पातळ, की जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावी लागते.

हे बंदुकीशिवायही पाहता येतं, आणि आधी तसंच पाहावं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून साध्या पोलादाची पट्टी आणा, भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, ओलसर फडक्यावर ठेवून हलका गंज येऊ द्या आणि वीसेक मिनिटं उकळा. पाणी मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात.

झटपट उपायही आहेत. बाटलीतलं ‘कोल्ड ब्लू’ बहुधा सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचं असतं. त्याने रंग येतो, पण तो मॅग्नेटाइट नव्हे. तो लवकर झिजतो, आणि सेलेनियम विषारी आहे. कारखान्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या, १४० अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रावणात तासाभराच्या आत काम होतं. घरी ते करू नये. त्यात पाण्याचा थेंब पडला तरी द्रावण उसळतं, आणि दुनळीच्या नळ्या जोडणारं डाखही त्यात खाल्लं जातं.

जुन्या तलवारीसाठी मला सगळ्यांत आवडतो तो हिरडा. सह्याद्रीच्या रानात मिळणारा हिरडा कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायला वापरतात, कारण त्यात भरपूर टॅनिन असतं. हेच टॅनिन गंजातल्या लोखंडाशी जोडलं जाऊन निळसर-काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग बनतं. सैल गंज झाडून वर हिरड्याचा काढा पुसला की उरलेला गंज काळा पडतो आणि वाढायचा मंदावतो.

आता रायफलबद्दल महत्त्वाचं. हात लावण्याआधी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री. नळीवरचा नंबर आणि छाप पुसट होईल असं काहीही करायचं नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार नंबर घालवणं गुन्हा आहे. आणि गंजाने खड्डे पडले असतील, विशेषतः चेंबरजवळ, तर काळी झिलई कितीही छान आली तरी ताकद परत येत नाही. परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय ती बंदूक उडवू नये.

मॅग्नेटाइटचा थरही एकटा पुरत नाही. त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहतं, आणि पाणी अडवण्याचं बरंचसं काम ते तेल करतं. म्हणून शेवटच्या उकळीनंतर नळी गरम असतानाच तेल लावतात. त्यानंतर बंदूक कातडी कव्हरात ठेवायची नाही. कातडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना राहिलेली आम्लं व क्षार पोलादावर उतरतात. कपाटात, हवेशीर, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाच्या फडक्याने एक हात.