सेकंडहँड छोटी गाडी घेताय? आरसी नावावर कशी करायची, कागद कुठले लागतात

आधी भावाचं बोलू. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यामुळे वॅगनआर, अल्टोवाला मालक अजून जुनाच भाव धरून बसला असेल तर त्याला नव्या गाडीची आजची ऑनरोड प्राइस दाखवा. पॉलिसीवरची आयडीव्ही (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत) पण बघा, 4 ते 5 वर्षांच्या गाडीला निम्मा घसारा धरतात. बाजारात मारुतीला त्याच्या वर मिळतं हे खरंय, पण घासाघीस करायला तो आकडा बरा पडतो.

आता नावावर करायचं काम. आरसीवर ज्याचं नाव त्याचीच सही चालते, भावाची किंवा मुलाची नाही. मालक वारला असेल तर फॉर्म 31 भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, मगच विक्री. आरसीवर बँकेची एचपी (कर्जाचा बोजा) असेल तर तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी पाहिजेच, "लोन कधीच फिटलंय हो" या शब्दावर पैसे देऊ नका. ई-चलन बाकी आहे का तेही बघा, आणि गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलेली असावी, नाहीतर आरटीओत काम अडतं.

कागद म्हणजे फॉर्म 29 (विक्री कळवायचा) च्या दोन प्रती, फॉर्म 30 (नावावर करायचा अर्ज), ओरिजिनल आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचं पॅन (नसेल तर फॉर्म 60), घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, फोटो. शिवाय चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची. ती एजंटवर सोडू नका, स्वतः घ्या आणि एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा, एखादा आकडा घासलेला किंवा वेडावाकडा दिसला की तिथूनच परत फिरायचं.

अर्ज परिवहनच्या साइटवर होतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबर बहुतेक विकणाऱ्याचा असतो, म्हणून थोडी रक्कम हातात राखून दोघं एकत्र बसूनच भरा. कारची ट्रान्सफर फी 300 रुपये, स्मार्ट कार्ड वगैरेचे वेगळे, एजंट सांगेल तो आकडा त्याचा स्वतःचा.

विकणाऱ्यांनो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळं होऊ नका! राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला 30 दिवस. गाडी तुमच्या नावावर असताना ॲक्सिडेंट झाला तर भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हेच सांगितलंय. ऑथराइज्ड डीलरला दिली तरी फॉर्म 29 सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं कळवायचा) भरून घ्या.

इन्शुरन्स पण 14 दिवसांत नावावर करून घ्या. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाची, त्यामुळे तेवढा फरक भरावा लागतो.

आणि दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून बरेच जण विचारतात. मिळते, पण तिकडच्या आरटीओची फॉर्म 28 वाली एनओसी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो, मग एमएच नंबर मिळतो. हे सगळं बेरजेत धरून मगच स्वस्त म्हणा.