वेदनाशामक फळाचा अर्क: रायदिंग चाचणी आणि हॉट प्लेट

‘हिरड्याच्या फळाचा अर्क वेदनाशामक’ असं कुठे वाचलं की मी आधी चाचणी कोणती होती ते शोधतो. हमखास दोन नावं सापडतात, रायदिंग आणि हॉट प्लेट. दोन्हींत उंदरांवर प्रयोग होतो आणि निष्कर्षातही तोच एक शब्द येतो, म्हणून अनेकांना त्या सारख्याच वाटतात. पण त्या मोजतात वेगवेगळ्या गोष्टी.

रायदिंगमध्ये आधी अर्क देतात आणि मग पोटाच्या पोकळीत सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल टोचतात, साधारण ०.६ ते १ टक्का. त्यामुळे आत प्रोस्टाग्लँडिन वगैरे दाह वाढवणारी रसायनं सुटतात आणि उंदीर पोट आवळून मागचे पाय ताणतो. हे आळेपिळे ठरावीक मिनिटांत किती वेळा येतात ते मोजायचं. दुखणं जिथे उपजतं तिथेच काम करणारी अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं इथे छान उतरतात. मेंदूवर काम करणारं मॉर्फिनही उतरतं.

हॉट प्लेट १९४४ मध्ये वूल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी मांडली. सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते पाहायचं. भाजू नये म्हणून ठरलेल्या वेळेला त्याला उचलतातच. इथे दाह नसतो, आणि पंजा चाटायचा की उडी मारायची हे मेंदूतून ठरतं. त्यामुळे मॉर्फिन हा वेळ स्पष्ट वाढवतं, अ‍ॅस्पिरिनचा मात्र फारसा फरक दिसत नाही.

म्हणजे फक्त रायदिंगमध्ये यश मिळालं असेल तर अर्काला ‘मॉर्फिनसारखा’ म्हणणं चूक आहे, आणि मला ते घातकही वाटतं. या चाचणीची आणखी एक दुखरी बाजू आहे. स्नायू सैल करणारी किंवा अ‍ॅलर्जीवरची काही औषधंसुद्धा आळेपिळे कमी करतात, म्हणून नुसता आकडा घटला की वेदना घटली असं म्हणता येत नाही. हॉट प्लेटलाही फसवता येतं. गुंगी आलेला उंदीर उडी उशिरा मारणारच. म्हणून फिरत्या दांड्यावर त्याचा तोल सांभाळतो का, ही रोटारॉड चाचणी सोबत हवीच. अर्काचा परिणाम नालोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध) दिल्यावर पुसला गेला, तर ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनच्याच मार्गाचा संशय बळावतो. थेट उठणारी आणि दाहातून येणारी अशा दोन्ही प्रकारच्या वेदना एकाच प्रयोगात पाहायच्या तर फॉर्मेलिन चाचणी आहे.

फळ कोणतं घेतलं तेही लिहिलेलं हवं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं गोळा करतात तो बाळहिरडा कोवळा असतो. पिकलेला हिरडा वेगळा.

आणि मात्रा? उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिले असतील, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने १२.३ ने भागायचं. ६० किलोच्या माणसाला सुमारे २ ग्रॅम अर्क होतो. फळाच्या वजनाचा पाचवा हिस्सा अर्क निघाला असेल, तर ते झाले जवळपास १० ग्रॅम सुकं फळ. हिरडा मुळात सारक असल्यामुळे दुखण्यावर म्हणून एवढा घेतला तर पोट बिघडण्याचीच शक्यता अधिक.